तालमीच्या खोलीतलं पॅरिस

दिवस पहिला : रू ल पेलेतिए

रू ल पेलेतिए या रस्त्यावर आज मुद्दाम पाहायला जावं असं काही उरलेलं नाही. बुलेव्हार दे इतालिएंवरून आत वळलं की दोन्ही बाजूंना बँका, कार्यालयं आणि दुपारच्या जेवणाची छोटी हॉटेलं. तरी पॅरिसमधली भटकंती इथूनच सुरू करायची, हे मी आणि मावशीनं घरूनच ठरवून टाकलं होतं. शहराचं जुनं ऑपेरा या रस्त्यावर होतं. १८२१ साली ‘तात्पुरतं’ म्हणून बांधलेलं ते नाट्यगृह पन्नासहून जास्त वर्षं चाललं आणि ऑक्टोबर १८७३च्या अखेरीस लागलेल्या आगीत जळून गेलं. एदगार देगा या फ्रेंच चित्रकारानं बॅलेच्या मुली काढायला सुरुवात केली ती या इमारतीतल्या.

मावशीचं आयुष्य कथक शिकवण्यात गेलं. आता गुडघे बोलतात, पण डोळा अजून तसाच आहे. मी तिला देगाच्या चित्रांचं पुस्तक पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती पानं उलटत म्हणाली होती, “अगं, यातल्या निम्म्या पोरी नाचतच नाहीयेत.” अगदी खरं होतं ते. कुणी बुटाची फीत बांधतंय, कुणी जांभई देतंय, कुणी खांदा चोळत बसलंय. बॅलेचा चित्रकार म्हणून जगभर ओळखला जाणारा माणूस नाच सोडून एवढं सगळं का काढत बसला, ते त्याच्याच गावात जाऊन बघायचं होतं.

रस्ता लहान, पण त्यावर इतिहासाची गर्दी आहे. जानेवारी १८५८मध्ये ऑपेराला आलेल्या तिसऱ्या नेपोलियनवर ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकानं आणि त्याच्या साथीदारांनी इथंच बाँब टाकले. सम्राट वाचला, पण त्याला जास्त सुरक्षित नाट्यगृह हवं झालं, आणि त्यातून आजच्या भव्य ऑपेराची कल्पना पुढे आली. जुनं ऑपेरा जळाल्यावर तीन वर्षांच्या आत, १८७६ साली, याच रस्त्यावर ११ नंबरला द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात, देगा ज्यांच्याबरोबर चित्रं मांडायचा त्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांचं दुसरं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षीचं तिसरं ६ नंबरला. म्हणजे देगाच्या नर्तकी जिथं राबल्या आणि जिथं त्यांची चित्रं भिंतीवर लागली, त्या जागांमध्ये हाकेचंच अंतर होतं.

मावशीला मात्र आगीबद्दल जास्त विचारायचं होतं. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत, उघड्या ज्योतींचे. नोव्हेंबर १८६२मध्ये या ऑपेरात रंगीत तालीम चालू असताना एमा लिव्री या तरुण नर्तकीचा घेरदार झगा अशाच एका ज्योतीवर गेला. आठ महिने भाजल्या अंगानं झगडून ती गेली, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. आग न धरणारं रासायनिक पाण्यातलं कापड तेव्हा निघालं होतं, पण त्यानं मलमल कडक आणि मळकट होई म्हणून तिनं ते घालायचं नाकारलं होतं. “नाचात कापड वाऱ्यावर जायलाच हवं,” मावशी हळूच म्हणाली. तिला एमाची बाजू पटली होती, आणि ते पटल्याचंच वाईट वाटत होतं.

दिवस दुसरा : पॅले गार्निए

शार्ल गार्निए या पस्तिशीतल्या, तोवर फारसं नाव नसलेल्या वास्तुकारानं १८६१ साली स्पर्धा जिंकली आणि ५ जानेवारी १८७५ला नवं ऑपेरा उघडलं. बाहेरून आणि आतून सोनं, संगमरवर, पुतळे, झुंबरं. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे जिन्याचं वर्णन इथं करत नाही. दर्शनी भागावरचं कार्पोचं ‘नृत्य’ हे शिल्प मात्र थांबून पाहावं. १८६९ साली ते बसवल्यावर त्यातल्या नग्न नाचणाऱ्या बायकांनी लोक इतके खवळले की एका रात्री कुणीतरी त्यावर शाईची बाटली फोडली. आज तिथं दिसते ती प्रतिकृती. मूळ शिल्प ओर्से संग्रहालयात आहे.

आत शिरल्यावर लागतं ते वर्तुळाकार, ठेंगणं दालन म्हणजे वर्गणीदारांचं. हे वर्गणीदार म्हणजे वर्षभराच्या जागा राखून ठेवणारे श्रीमंत पुरुष. त्यांच्यासाठी गार्निएनं बाजूला वेगळं प्रवेशद्वार केलं होतं, म्हणजे त्यांची बग्गी थेट दाराशी लागे. त्यांचा दुसरा हक्क जास्त बोलका आहे. रंगमंचाच्या पाठीमागे ‘फॉयर द ला दाँस’ नावाचं आरसे लावलेलं दालन आहे. नर्तकी तिथं अंग मोकळं करत, आणि वर्गणीदार पुरुषांना तिथं खुशाल जाता येई. पोरी गरीब घरच्या, पगार तुटपुंजा. त्या दालनात कसली बोलणी होत, ते सगळं पॅरिस जाणून होतं. सर्वसाधारण भेटीत हे दालन दाखवत नाहीत. मला ते पाहायचं होतं, कारण देगाच्या चित्रांत नर्तकीमागे दिसणारा काळ्या कोटाचा माणूस तिथूनच आलेला आहे.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याकडे कथकला नाकं मुरडली ती कोठ्यावरच्या बायांचा नाच म्हणून. बैठकीला येऊन बसणाऱ्यांना कुणी नाकं मुरडली नाहीत.”

प्रेक्षागृह त्या दिवशी सुदैवानं उघडं होतं. इथं तालीम चालू असली तर बंद ठेवतात. छतावर शागालनं १९६४ साली रंगवलेलं चित्र आहे. मला ते त्या सोन्यामध्ये आवडलं. मावशीचं लक्ष खाली रंगमंचाकडे. हा रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेनं पाच टक्के उतरता आहे. मागच्या रांगेतल्या नर्तकीही दिसाव्यात म्हणून जुन्या नाट्यगृहांत असा उतार ठेवत. “उतारावर चक्कर घ्यायची?” मावशीनं विचारलं आणि तिथंच उभ्या उभ्या टाचेवरचा तोल मागेपुढे करून पाहिला. मग देगाच्या चित्रांतल्या तिरक्या, अंगावर येणाऱ्या जमिनीबद्दल ती म्हणाली की त्यातला थोडा तिरकेपणा तरी त्या मुलींच्या पायांखाली खराच होता.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा मी तिला २०१९ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी २४ डिसेंबरला इथल्या संपावर गेलेल्या नर्तकींनी याच इमारतीसमोर, उघड्यावर, थंडीत ‘स्वान लेक’ या बॅलेमधला भाग सादर केला होता. सरकारला निवृत्तिवेतनाच्या योजना बदलायच्या होत्या, आणि ऑपेराच्या नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होता येतं ती जुनी सोय त्यात जाणार होती. ही सोय चौदाव्या लुईच्या काळापासून चालत आलेली आहे. “बेचाळीस बरोबर आहे,” मावशी म्हणाली, आणि पायऱ्या उतरताना नेहमीप्रमाणे माझा दंड धरला.

दिवस तिसरा : ओर्से

ओर्से संग्रहालय म्हणजे १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन. १९८६मध्ये त्याचं संग्रहालय झालं. इंप्रेशनिस्ट सगळ्यात वर, पाचव्या मजल्यावर आहेत. सकाळी दार उघडताच थेट वर गेलो. हा सल्ला मी सगळ्यांना देईन, कारण अकरानंतर देगापुढे उभं राहायला जागा मिळत नाही.

सुरुवात ‘ऑपेराचा वाद्यवृंद’पासून केली, साधारण १८७०चं चित्र. मध्यभागी देगाचा मित्र देझिरे दिओ ‘बसून’ नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतोय. वाजवताना त्याचे गाल फुगलेत, आणि देगानं ते गाल कसलीही सभ्यता न पाळता काढलेत. वर, वादकांच्या डोक्यांपलीकडे, रंगमंचाची एक पट्टी उजळलेली. तिच्यात गुलाबी-निळे झगे आहेत, पाय आहेत, डोकी मात्र चौकटीनं छाटलेली. नर्तकी इथं येतात त्या अशा, डोक्याशिवाय. त्या काळी युरोपात पोचलेल्या जपानी छापचित्रांत आकृत्या अशाच कडेला कापलेल्या असत, आणि देगानं ती बरीच जमवली होती.

शेजारी १८७२चं ‘रू ल पेलेतिएच्या ऑपेरातलं नृत्यदालन’. चित्र इतकं लहान आहे की लोक त्याच्यावरून सरळ पुढे जातात. पांढऱ्या कपड्यातले, हातात काठी घेतलेले नृत्यगुरू लुई मेरांत, बसलेला व्हायोलिनवाला, त्या दोघांसमोर पाय मांडून उभी असलेली मुलगी. बाकीच्या भिंतीशी. अगदी पुढे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर पंखा. व्हायोलिनवाल्याचं वाजवणं क्षणभर थांबलंय आणि सगळी खोली त्या थांबण्यात धरली गेलीय. मावशी म्हणाली, “समेच्या आधीची जागा आहे ही.” मला याहून नेमकं सांगता येणार नाही.

गंमत अशी की हे सगळं देगानं आत बसून काढलेलं नाही. त्या काळात त्याला ऑपेराच्या आतल्या भागात मोकळा शिरकावच नव्हता. मुली त्याच्या स्टुडिओत येऊन उभ्या राहत आणि तो खोली मागाहून रचत असे. पुढे आल्बेर एश्त या ओळखीच्या संग्राहकाला लिहिलेल्या पत्रात त्यानं नृत्यपरीक्षेच्या दिवसाचा पास मागितलाय, आणि अशा परीक्षा आपण न बघताच इतक्या रंगवल्या की आता थोडी लाज वाटते, असं कबूल केलंय. इंप्रेशनिस्टांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत तो होता, पण ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव त्याला कधी रुचलं नाही. उन्हात तिवई मांडून, दिसेल ते चटकन टिपायचं, ही मोनेची वाट. देगा स्टुडिओत बसून रेखाटनं करायचा, ती पुसायचा, पुन्हा काढायचा. आपली कला जराही उत्स्फूर्त नाही, असं तो स्वतःच म्हणे. त्याच्या चित्रातली ती सहज वाटणारी जांभई कितीतरी कागदांमधून गाळून आलेली असते.

मग ‘नृत्यवर्ग’. हे १८७३ ते १८७६ एवढ्या काळात पुरं झालेलं. या एका चित्रापुढे आमची बहुतेक सकाळ गेली. मधे उंच काठी रोवून उभे आहेत ते म्हातारे ज्यूल पेरो, तरुणपणी युरोपभर गाजलेले नर्तक, १८४१च्या ‘जिझेल’ या बॅलेच्या नृत्यरचनेत ज्यांचा मोठा वाटा होता. आता अंग जड झालंय. मुली त्यांच्याभोवती दूरवर पसरलेल्या, आणि वर्ग संपत आलाय हे मुलींच्या उभं राहण्यावरून कळतं. डावीकडे एक जण पियानोवर चढून बसलीय आणि डोळे मिटून पाठ खाजवतेय. खाली एक छोटं कुत्रं. पियानोजवळ झारी ठेवलेली. ती बागेची नाही. लाकडी जमिनीवरची धूळ बसावी, पाय घसरू नये म्हणून तालमीच्या खोलीत पाणी शिंपडायची पद्धत होती. आणि पार मागे, भिंतीशी ओळीनं बसलेल्या आया.

मावशीनं आधी त्या आया पाहिल्या. “ह्या सगळीकडे असतात,” ती म्हणाली. “शनिवारच्या वर्गाला माझ्याकडेही बसायच्या, डबा मांडीवर घेऊन.” मग तिनं एकेक मुलीचे पाय तपासायला सुरुवात केली, खरोखर वर्ग घ्यावा तशी. हिचं वजन चुकीच्या पायावर आहे. ही दमलीय पण दाखवत नाही. ही कुणाकडे तरी बघून मनात पदन्यास मोजतेय. मी या चित्राबद्दल बरंच वाचलं होतं, पण कोपऱ्यातल्या त्या अर्ध्या झाकलेल्या मुली वेगवेगळं काही करताहेत हे मला तोवर दिसलं नव्हतं. माझ्यासाठी त्या ‘मागची गर्दी’ होत्या. देगासाठी त्यातली एकही गर्दी नव्हती.

‘रंगमंचावरची बॅलेची तालीम’ हे १८७४चं चित्र जवळजवळ एकाच करड्या-तपकिरी रंगात आहे. उजेड खालून येतोय, दिव्यांच्या रांगेतून, त्यामुळे हनुवट्या उजळलेल्या आणि डोळे सावलीत. तोच उजेड ‘तारका’मध्ये. ‘तारका’ म्हणजे एका पायावर झेपावलेली, हात पसरलेली ती मुलगी, जी कॅलेंडरांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर असते. मोनोटाइपच्या, म्हणजे एकदाच उमटणाऱ्या छापाच्या, ठशावर खडूचं, म्हणजे पेस्टलचं काम आहे हे, साधारण १८७६चं. चित्रकार मित्र काय्यबोतनं ते घेतलं आणि १८९४मध्ये आपल्या इतर संग्रहाबरोबर देशाला देऊन टाकलं. डब्यावरच्या चित्रात सहसा जे कुणी बघत नाही ते इथं समोर येतं. तिच्या मागे, नेपथ्याच्या पडद्याआड, काळा कोट घातलेला एक माणूस उभा आहे. त्याचं डोकं पडद्यानं झाकलंय. तिचा गळपट्टाही काळाच आहे, आणि त्याचं टोक मागे उडतंय. एकदा तो माणूस दिसला की चित्र गोड राहत नाही. मला हे देगाचं सगळ्यात सुंदर चित्र वाटतं, आणि सगळ्यात कठोरही.

दिवस चौथा : रू द दुए, मोंमार्त्र

पिगाल स्टेशनला उतरून आधी रू द दुए. ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ या शिल्पासाठी उभी राहणारी मारी व्हान गोएथेम या भागात राहत असे. जन्म १८६५चा, आईबाप बेल्जियमहून आलेले. वडील लवकर गेले, आई धोबीकाम करायची. तीन बहिणी, तिघीही ऑपेराच्या नृत्यशाळेत. अशा पोरींना तिथं ‘छोटे उंदीर’ म्हणत. देगाचा तेव्हाचा स्टुडिओ जवळच, रू फोंतेनवर होता. दोन्ही रस्ते पायी जोडून पाहिले तर काही मिनिटांची वाट आहे. ऑपेरातले तास संपवून, उभं राहण्याचे थोडे पैसे जास्तीचे मिळतात म्हणून ही मुलगी तिथं जायची. एका पोरीच्या दिवसभराच्या श्रमाचा हा नकाशा होता, आणि आम्ही तो चढ चढत चाललो होतो.

पुढे रू व्हिक्तोर-मासे. इथल्या ३७ नंबरच्या घरात देगा वर्षानुवर्षं राहिला, १९१२मध्ये ते पाडायला घेतल्यावर नाइलाजानं बुलेव्हार द क्लिशीला गेला, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच काढू शकला नाही. डोळे आधीच गेले होते.

मोंमार्त्रच्या कब्रस्तानात ‘दे गा’ घराण्याच्या थडग्यात तो आहे. २७ सप्टेंबर १९१७ला, युद्ध चालू असताना, तो गेला. एमा लिव्रीही याच कब्रस्तानात. देगाबद्दल इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. द्रेफ्युस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला, त्या प्रकरणात तो उघडपणे ज्यूद्वेष्ट्यांच्या बाजूनं उभा राहिला. ज्या ज्यू वंशाच्या हालेव्ही कुटुंबात तो वर्षानुवर्षं घरच्यासारखा जेवला, आणि ज्यातल्या ल्युदोव्हिक हालेव्हीनं ऑपेराच्या आतलं जग जवळून पाहिलं होतं, त्यांच्याशी त्यानं १८९७मध्ये संबंध तोडले. पियानोवर पाठ खाजवणाऱ्या मुलीला इतक्या मायेनं पाहणारा माणूस मित्राच्या बाबतीत इतका आंधळा झाला. या दोन गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत, आणि चित्रं आवडतात म्हणून दुसरी झाकावी असंही वाटत नाही.

दिवस पाचवा : पुन्हा ओर्से

गुरुवारी ओर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. संध्याकाळी गर्दी ओसरते. या वेळी उशिराची कामं आणि शिल्पं पाहायची होती.

१८९०च्या दशकातल्या ‘निळ्या नर्तकी’त आता चेहरे नाहीत, कथा नाही, काळा कोट नाही. खांद्यावरचे पट्टे नीट करणारे हात, माना, आणि बोटांनी दाबून बसवलेला निळा रंग. नजर अधू होत गेली तशी त्याच्या पेस्टलची रेघ जाड आणि रंग धगधगीत होत गेला. तो पारदर्शक कागदावर तीच आकृती पुन्हा छापून घेई, उलटी करी, कागद अपुरा पडला तर पट्टी जोडी. एकच विषय दहादा, शंभरदा करायला हवा, असं त्यानं शिल्पकार मित्र बार्तोलोमेला १८८६मध्ये लिहिलं होतं. हे वाक्य मी मावशीला सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. तत्काराचा, म्हणजे कथकमधल्या पायांच्या बोलांचा, रोजचा रियाज केलेल्या माणसाला त्यात नवल काय वाटणार! देगा त्या पोरींकडे इतकी वर्षं कशासाठी बघत राहिला, याचं उत्तर मला इथं मिळालं. त्यांचं आणि त्याचं काम एकच होतं.

मग काचेच्या कपाटांतले छोटे ब्राँझ. देगा गेल्यावर त्याच्या स्टुडिओत मेणाची आणि मातीची सुमारे दीडशे शिल्पं सापडली, कित्येक मोडलेली. आत तारा, बुचं, जुन्या ब्रशांचे दांडे भरलेले. त्यातली सत्तरेक एब्रार्च्या ओतशाळेत ब्राँझमध्ये ओतली गेली. एक नर्तकी एका पायावर तोल धरून दुसऱ्या पायाचा तळवा पाहतेय. मावशी हसली. “काटा नाही रुतलेला. फोड आलाय.”

आणि शेवटी मारी. मूळ मेणाची आज वॉशिंग्टनला आहे. इथं ब्राँझची प्रत, साधारण मीटरभर उंच, खरा जाळीदार झगा आणि केसांत खरी रिबीन. १८८१च्या सहाव्या प्रदर्शनात देगानं ती मेणाची, खऱ्या केसांची, खऱ्या बुटांची मुलगी काचेच्या पेटीत ठेवली, तेव्हा टीकाकारांनी तिला माकड म्हटलं, तिच्या चेहऱ्यावर गुन्हेगारी वाचली. आम्ही पुढून, बाजूंनी, मागून पाहिलं. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, हात पाठीमागे ताणून गुंफलेले, उजवा पाय पुढे टाकून बाहेर वळवलेला.

मला ती दमलेली वाटते, थोडी हट्टी. मावशीला ते अजिबात मान्य नव्हतं. “पाठ बघ. दमलेल्या पोरीची पाठ अशी राहत नाही. बाई काहीतरी सांगताहेत आणि ही ऐकतेय, पण ऐकत असल्याचं दाखवत नाहीये. अशा एक-दोघी प्रत्येक वर्गात असतात, आणि त्याच पुढे जातात.”

ही पुढे गेली नाही, हे मी तिला सांगितलं. १८८२मध्ये तास चुकवल्याबद्दल मारीला ऑपेरातून काढलं आणि त्यानंतर तिचा माग लागत नाही. धाकटी लुईझ-जोझेफिन मात्र टिकली, नर्तकी झाली आणि नंतर त्याच ऑपेरात शिक्षिका.

“शिक्षिका?” मावशी बाकावर बसली होती ती उठली. “मग तिचं कुठं काय ठेवलंय का? फोटो, हजेरीपट, काहीतरी?” पॅले गार्निएमध्येच ऑपेराचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, एमा लिव्रीच्या जळक्या पोशाखाचे तुकडेही तिथं जपलेत, असं मी म्हटलं. तिथं बसून कागद पाहायचे तर वाचकपत्र काढावं लागतं, आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. मावशीनं माझ्याकडून ग्रंथालयाचं नाव देवनागरीत तिच्या वहीत लिहून घेतलं, आणि पत्र फ्रेंचमध्ये पाठवावं लागेल का, ते विचारत जिना उतरायला लागली.